भांडार-सर्व्हरची दुरुस्ती : हाताने की आज्ञावलीने?

प्रकल्प सादर करण्याचा दिवस उजाडावा आणि ज्या सर्व्हरवर सगळ्या वर्गाचे काम साठवलेले आहे नेमका तोच उघडू नये, ही वेळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या लेखाचे प्रयोजन वेगळे सांगावे लागणार नाही. अशी एक सकाळ प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. यंत्र बिघडलेले नव्हते, डिस्क शाबूत होती, विद्यार्थ्यांच्या कामातील एक अक्षरही नाहीसे झालेले नव्हते. तरीही सर्व्हर सुरू होत नव्हता. शोध घेता घेता असे आढळले की, तीन आठवड्यांपूर्वी एका दुखण्यावर जो इलाज केला होता, त्या इलाजानेच हे नवे दुखणे निर्माण केले होते. औषध बरोबर होते. ते देण्याची रीत चुकली होती. त्या रीतीचा विचार येथे करावयाचा आहे.

१. भांडार आणि त्याची वाट

प्रोग्रॅममध्ये केव्हा, कोणी, काय बदल केला याचा हिशेब ठेवणाऱ्या साधनांना आवृत्ती-नियंत्रणाची साधने म्हणतात. ही कल्पना नवी नाही. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली 'एससीसीएस' हे साधन तयार केले. वॉल्टर टिची यांचे 'आरसीएस' १९८२ मधले. 'सबव्हर्जन'चे काम २००० साली सुरू झाले आणि २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले. आज महाविद्यालयांतून मुख्यतः गिटच वापरले जाते. या साधनाने जपलेल्या संपूर्ण संग्रहाला आपण 'भांडार' म्हणू.

हे भांडार एका मध्यवर्ती यंत्रावर ठेवले की सर्वांना तेथून काम उतरवून घेता येते आणि आपले काम तेथे चढवता येते. चढवण्याच्या क्रियेला 'पुश' म्हणतात. ही देवाणघेवाण वेब सर्व्हरमार्फत सुलभपणे करण्याची सोय गिटच्या १.६.६ या आवृत्तीत, म्हणजे २००९ च्या डिसेंबरात आली. गिटबरोबर 'गिट-एचटीटीपी-बॅकएंड' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. वेब सर्व्हरकडे आलेली मागणी हा प्रोग्रॅम स्वीकारतो आणि भांडारातून उत्तर देतो. वेब सर्व्हर 'एनजिनएक्स' असेल तर आणखी एक दुवा लागतो. एनजिनएक्स अशा प्रकारचे प्रोग्रॅम स्वतः चालवीत नाही. म्हणून मध्ये 'एफसीजीआयरॅप' नावाचा मध्यस्थ बसवावा लागतो.

म्हणजे विद्यार्थ्याने पुश केलेले काम भांडारापर्यंत पोहोचण्याआधी तीन नाके ओलांडते : वेब सर्व्हर, मध्यस्थ आणि बॅकएंड. प्रत्येक नाक्याचे स्वतःचे नियम आहेत आणि ते मांडणीच्या फाइलीत, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये, लिहिलेले असतात. बहुतेक तक्रारींचे मूळ या फाइलीत असते.

(या लेखात सूचनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.)

२. निदान आधी, औषध नंतर

तीन तक्रारी नमुन्यादाखल घेऊ.

पहिली तक्रार : लहान काम चढते, मोठे चढत नाही. विद्यार्थ्याच्या पडद्यावर ४१३ हा आकडा दिसतो. मागणीचे अंग नियमापेक्षा मोठे आहे, असा त्याचा अर्थ. एनजिनएक्समध्ये 'क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज' ही सूचना या अंगाची मर्यादा ठरवते, आणि काहीच लिहिले नसेल तर ती मर्यादा केवळ १ मेगाबाइट असते. प्रोग्रॅमच्या चार ओळी सहज जातात. कोणी प्रकल्पात चित्रे किंवा अहवालाची फाइल घातली की अडवणूक होते. सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत ग्राहक फार मोठे अंग पाठवू पाहत आहे, अशा अर्थाची ओळ सापडते.

दुसरी तक्रार : काम उतरवता येते, पण चढवता मुळीच येत नाही, आकडा ४०३. येथे आकारमानाचा काहीच संबंध नाही. ज्याची ओळख पटली आहे त्यालाच चढवू द्यायचे, असा बॅकएंडचा मूळ नियम आहे. ओळख पटवली वेब सर्व्हरने, पण 'रिमोट-यूजर' हे नाव त्याने पुढच्या नाक्याला कळवलेच नाही. मग बॅकएंडच्या दृष्टीने आलेला माणूस अनोळखीच. नाव पुढे पाठवणारी एक ओळ लिहिली की काम भागते.

तिसरी तक्रार सबव्हर्जनची. अपाची सर्व्हरवरील भांडारात नवी शाखा काढताना किंवा फाइलीचे नाव बदलताना ५०२ हा आकडा येतो. बाकी सगळे ठीक चालते. अशा वेळी बहुधा अपाचीच्या पुढे दुसरा सर्व्हर उभा असतो. तो एचटीटीपीएसचे संरक्षित बोलणे उलगडून ते साध्या एचटीटीपीने आत पाठवतो. नक्कल करण्याच्या मागणीत 'डेस्टिनेशन' नावाचे शीर्षक असते आणि त्यात संपूर्ण पत्ता एचटीटीपीएससह लिहिलेला असतो. अपाची स्वतःला साध्या एचटीटीपीवर समजत असतो. त्यामुळे हा पत्ता भलत्याच सर्व्हरचा आहे अशी त्याची समजूत होते. शीर्षकातील तेवढे अक्षर आत येतानाच बदलून घेणारी ओळ हा यावरचा उपाय.

तिन्ही तक्रारी विद्यार्थ्याच्या तोंडून एकाच शब्दांत येतात : "सर, सर्व्हर घेत नाही." पण तिन्हींची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. पहिलीचे औषध दुसरीला दिले तर गुण येणार नाही, वर नको तेथे मर्यादा मात्र सैल होईल. म्हणून यांत्रिक दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी कारण निश्चित झाले पाहिजे. न समजलेल्या दुरुस्तीची आज्ञावली केली, तर आपले अज्ञान दहा यंत्रांवर एकदम पोहोचते, एवढेच.

३. चुकलेली रीत

आता आरंभी सांगितलेल्या प्रसंगाकडे वळू. तक्रार पहिल्या प्रकारची होती. निदान बरोबर झाले. मर्यादा ५० मेगाबाइट करणारी ओळ हाताने घालण्याऐवजी एक छोटी आज्ञावली लिहिण्यात आली, हेही योग्यच. मांडणीच्या फाइलीत जेथे सर्व्हरचा कंस सुरू होतो तेथे खाली नवी ओळ घालायची, सर्व्हरला मांडणी पुन्हा वाचायला सांगायचे आणि 'काम झाले' असे छापायचे, एवढाच तिचा मजकूर होता. ती चालवली, तक्रार थांबली.

पुढच्या सत्रात नव्या वर्गासाठी नवे भांडार उघडले गेले. खबरदारी म्हणून तीच आज्ञावली पुन्हा चालवली. तिने निमूटपणे तीच ओळ दुसऱ्यांदा घातली. एकाच कंसात ही सूचना दोनदा आलेली एनजिनएक्सला चालत नाही. सूचना दुबार आहे असे सांगून तो ती मांडणी नाकारतो. मात्र चालू असलेला सर्व्हर यामुळे बंद पडत नाही. नवी मांडणी सदोष आढळली, तर तो जुन्याच मांडणीवर काम करीत राहतो. ही सोय उत्तम आहे, पण तिच्यामुळेच दोष झाकला गेला. आज्ञावलीने नकाराकडे पाहिलेच नाही. तिने 'काम झाले' असे छापले आणि सर्वांनी त्यावर विश्वास ठेवला.

तीन आठवडे सर्व काही सुरळीत चालले. मग एका रात्री वीज गेली, बॅटरी उतरली, यंत्र बंद पडले. सकाळी यंत्र चालू झाले तेव्हा सर्व्हरने मांडणी मुळापासून वाचली. आता परत जायला जुनी मांडणी त्याच्या स्मृतीत नव्हती. दुबार ओळ दिसताच त्याने सुरू होण्यास नकार दिला, आणि तो दिवस प्रकल्प सादर करण्याचा होता. दोन ओळींपैकी एक खोडायला अर्धे मिनिट लागले. पण ती कोणती हे शोधण्यात दोन तास गेले. त्या दोन तासांत व्हरांड्यात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची तोंडे अजून आठवतात.

४. कृती नव्हे, स्थिती

त्या आज्ञावलीची मूळ चूक अशी की, तिने कृती सांगितली : "एक ओळ घाल." सांगायला हवी होती ती स्थिती : "ही ओळ एकदा आणि एकदाच असली पाहिजे." पहिले वाक्य दोनदा पाळले तर दोन ओळी होतात. दुसरे कितीदाही पाळले तरी ओळ एकच राहते.

गणिताच्या विद्यार्थ्यांना हा गुण परिचित आहे. एखाद्या संख्येचे केवल मूल्य घेतले आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा केवल मूल्य घेतले, तर उत्तर बदलत नाही. उणे सातचे सात होतात आणि पुढे सातच राहतात. उलट, 'एक मिळवा' ही क्रिया प्रत्येक वेळी उत्तर बदलते. दुरुस्तीची आज्ञावली केवल मूल्यासारखी हवी, 'एक मिळवा'सारखी नको. एकदा चालवली काय आणि दहादा चालवली काय, परिणाम एकच.

हे साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या फाइलीत ओळी न घुसवता आपली वेगळी फाइल ठेवणे. मुख्य मांडणीत 'इन्क्लूड' सूचनेने त्या फाइलीचे नाव एकदा लिहावे. आज्ञावली दरवेळी ती छोटी फाइल संपूर्ण नव्याने लिहिते. जुन्यावर नवे भरत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. फाइलीच्या डोक्यावर टिपण असावे : ही फाइल आज्ञावली लिहिते, हाताने बदलू नये, अमुक तक्रारीमुळे ही मर्यादा वाढवली. टिपण मराठीत लिहा वा कन्नडमध्ये लिहा, पण कारण लिहा. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला नुसता आकडा पाहून काही उलगडणार नाही.

५. सुधारलेली आज्ञावली

तर मग दुरुस्तीची आज्ञावली कोणत्या क्रमाने चालावी?

(१) जी फाइल असायला हवी तिचा मजकूर तयार करावा आणि सध्याच्या फाइलीशी ताडून पाहावा. दोन्ही सारख्या असतील तर काहीही न बदलता सरळ शेवटच्या परीक्षेकडे जावे.

(२) फरक असेल तर तो छापावा आणि जुन्या फाइलीची प्रत बाजूला ठेवावी.

(३) नवी फाइल जागेवर ठेवून संपूर्ण मांडणी तपासावी. एनजिनएक्समध्ये 'टी' हा पर्याय यासाठीच आहे. अपाचीमध्ये 'कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा तेच काम करते.

(४) तपासणीत दोष निघाला तर जुनी फाइल परत ठेवावी, दोष छापावा आणि अपयशाचा संकेत देऊन थांबावे. शेल प्रोग्रॅममध्ये मधली आज्ञा फसली तरी पुढच्या ओळी चालूच राहतात, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. आरंभी 'सेट -ई' लिहिले तर पहिल्या अपयशालाच सामान्यतः प्रोग्रॅम थांबतो. मात्र ज्या तपासणीनंतर जुनी फाइल परत ठेवायची आहे, तिचा निकाल 'इफ'ने पाहिला पाहिजे. नाहीतर परत ठेवण्याची ओळ येण्यापूर्वीच प्रोग्रॅम थांबेल.

(५) तपासणी उत्तीर्ण झाली तर सर्व्हरला मांडणी पुन्हा वाचायला सांगावे. सर्व्हर बंद करून चालू करू नये, कारण त्या क्षणी कोणाचे तरी काम चढत असू शकते.

(६) शेवटी खऱ्या कामाची परीक्षा घ्यावी. 'काम झाले' हे शब्द या परीक्षेनंतरच छापावेत.

आमच्या आज्ञावलीत तिसरी आणि चौथी पायरी असती, तर दुबार ओळ त्याच संध्याकाळी पकडली गेली असती.

६. परीक्षा कशाची घ्यावी?

सहाव्या पायरीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. सर्व्हर जिवंत आहे की नाही एवढेच पाहणे पुरेसे नाही. पहिल्या तक्रारीत सर्व्हर जिवंतच होता, पान उघडत होते, काम उतरवताही येत होते. म्हणून जी क्रिया अडत होती तीच करून पाहिली पाहिजे. एका स्वतंत्र चाचणी-भांडारात १ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल पुश करावी आणि ती पोहोचली का ते पाहावे.

येथेही एक फसगत संभवते. चाचणीसाठी पाच मेगाबाइटची नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल कोणी घेतली, तर परीक्षा उत्तीर्ण होईल आणि दोष मात्र तसाच राहील. कारण गिट पाठवण्यापूर्वी मजकूर दाबून लहान करते. एकसारखी शून्ये दाबली की पाच मेगाबाइटचे काही किलोबाइट उरतात आणि ते जुन्या मर्यादेतूनही आरामात जातात. म्हणून फाइल यादृच्छिक मजकुराची हवी; असा मजकूर दाबला जात नाही. शिवाय ती दरवेळी नवी हवी. कालचीच फाइल आज पुन्हा पाठवली, तर ती भांडारात आधीच आहे हे गिट ओळखते आणि मजकूर पाठवतच नाही. चाचणी-भांडार फुगू नये म्हणून ते अधूनमधून पुसून नव्याने करावे.

जी परीक्षा कधी नापास होऊच शकत नाही, तिच्या उत्तीर्णतेला किंमत नाही. म्हणून नवी परीक्षा लिहिली की ती आधी बिघडलेल्या मांडणीवर चालवावी, ती नापास होते याची खात्री करावी आणि मगच दुरुस्त मांडणीवर चालवावी.

७. तयार साधने आणि काही सावधगिरी

वर सांगितलेली तत्त्वे पाळणारी तयार साधने उपलब्ध आहेत. मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लो येथे सुरू केलेले 'सीएफइंजिन' हे त्यांतील आद्य. पुढे २००५ साली 'पपेट' आणि २०१२ साली 'ॲन्सिबल' आले. या साधनांत कृतीऐवजी इच्छित स्थिती लिहिण्याचीच पद्धत आहे. ॲन्सिबलमध्ये प्रत्यक्ष काही न बदलता काय बदलेल ते आधी दाखवण्याची सोय आहे, आणि फाइल खरोखर बदलली तरच सर्व्हरला कळवण्याचीही. एकाच यंत्रासाठी शेलची तीस ओळींची आज्ञावली पुरते. यंत्रे वाढली की ही साधने घ्यावीत. पण साधन कोणतेही असो, त्यात आंधळेपणाने 'ही आज्ञा चालव' असे लिहिता येतेच. तेव्हा केवळ साधन घेतल्याने शिस्त येत नाही.

मर्यादा शून्य लिहिली तर एनजिनएक्स आकारमान तपासणेच सोडून देतो. तक्रार कायमची मिटते, म्हणून हा मोह होतो. परंतु मर्यादा मुळात एका कारणासाठी आहे : कोणीही, चुकून वा मुद्दाम, डिस्क भरून टाकू नये. तेव्हा मोजून आकडा लिहावा आणि तोही भांडाराच्या पत्त्यापुरताच. परवानगीचा दोष आला की सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे हीदेखील याच जातीची दुरुस्ती होय.

दुसरे असे की, न लिहिलेल्या मर्यादेवर विसंबू नये. अपाचीमध्ये 'लिमिट-रिक्वेस्ट-बॉडी' ही सूचना लिहिली नाही तर २.४.५३ या आवृत्तीपर्यंत कोणतीही मर्यादा नव्हती. त्यापुढच्या आवृत्तीपासून ती १ गिगाबाइट झाली. मांडणीत एक अक्षरही न बदलता सर्व्हरचे वागणे बदलते ते असे. जे आपल्याला हवे ते फाइलीत स्पष्ट लिहिलेले असावे.

तिसरी गोष्ट, आज्ञावली आणि मांडणी या दोन्ही आवृत्ती-नियंत्रणाखाली ठेवाव्यात. कोणत्या दिवशी काय बदलले हे त्या सकाळी पाच मिनिटांत कळले असते, तर दोन तास वाचले असते. मात्र हे भांडार फक्त त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली पेटीतच ठेवून पेटी बंद करणे. सुदैवाने गिटची प्रत्येक क्लोन केलेली प्रत सामान्यतः संपूर्ण इतिहासासह असते. ती निदान दुसऱ्या एका यंत्रावर असू द्यावी.

आणि शेवटची सूचना. सुट्टीच्या दिवशी, कोणाचे काम अडणार नाही अशा वेळी, सर्व्हर मुद्दाम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून पाहावा. चालू आहे तो पुन्हा चालू होईलच असे नाही, हे वीज जाण्यापूर्वी आपण होऊन पाहिलेले बरे.

८. समारोप

दुरुस्ती ही लक्षात ठेवण्याची गोष्ट नाही, लिहून ठेवण्याची आहे. लिहिताना कृती न लिहिता स्थिती लिहावी, आणि तिच्यासोबत ती साधली की नाही हे सांगणारी परीक्षाही लिहावी. यांत्रिक दुरुस्तीने श्रम वाचतात हा तिचा फायदा दुय्यम होय. खरा फायदा असा की, दुरुस्ती म्हणजे नेमके काय हे आपल्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. यंत्र 'जरा बघून घे' ही सूचना समजू शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. एका जुन्या यंत्रावर एनजिनएक्स आणि गिटचे भांडार बसवा. मर्यादा तशीच ठेवून मोठी फाइल पुश करा आणि ४१३ हा आकडा डोळ्यांनी पाहा. मग आज्ञावली लिहा आणि ती लागोपाठ तीनदा चालवा. तिसऱ्यांदा फाइलीत काहीच बदलले नाही आणि परीक्षा उत्तीर्ण झाली, तर यंत्राची वीज काढा, पुन्हा लावा. त्यानंतरही पुश झाले, तर दुरुस्ती झाली असे म्हणायला हरकत नाही.